सरत्या थंडीत हरितगृहातली दुपार

सरत्या हिवाळ्यात हरितगृहात जायचं तर सकाळी अकरानंतर जा. बाहेर पारा 5 अंशांवर असला तरी लख्ख ऊन पडलं की आत 20 अंशांपर्यंत सहज जातो. दार लोटलं की आधी चष्म्यावर वाफ धरते, मग ओल्या मातीचा वास येतो. एक खुर्ची तिथेच ठेवून द्या. मी तर चहासुद्धा तिकडेच नेतो.

पण ही ऊब टिकणारी नाही, ऊन उतरलं की काचेतून भराभर निघून जाते. काळ्या पिंपांत पाणी भरून उन्हाच्या बाजूला ठेवा. दिवसा तापलेलं पाणी रात्री हळूहळू उष्णता सोडतं. दुपारी वरची झडप थोडा वेळ उघडा, नाहीतर दमट हवेत बुरशी धरते. ऊन कलायच्या आत मात्र बंद करा.

टोमॅटो-मिरचीचं बी ट्रेमध्ये पेरायला हरकत नाही. मातीत 20 ते 25 अंश हवेत, म्हणून थर्मामीटर मातीत खोचून बघा, हवेत टांगून नव्हे. पाणी सकाळीच आणि बेतानं. एकदा मी हौसेनं संध्याकाळी भरपूर घातलं. तिसऱ्या दिवशी कोवळी रोपं बुडाशी काळी पडून आडवी झाली होती.

काचेवरचं शेवाळंही पुसून काढा, या दिवसांत उजेड आधीच कमी असतो. आणि कोपऱ्यातली ती वाळकी काडी टाकण्यापूर्वी नखानं जराशी खरवडा. आत हिरवं दिसलं तर राहू द्या.