पिस्तूल अडलं की आधी पुंगळी बघा: .२२ टार्गेट पिस्तूल वापरताना या चुका टाळा

२५ मीटरच्या रेंजवर पिस्तूल मध्येच अडलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "पिस्तूलच खराब आहे." मग ते आर्मररकडे (शस्त्र दुरुस्त करणाऱ्याकडे) जातं, स्प्रिंग बदलली जाते, चाप नव्याने जुळवला जातो आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच. पार्दिनी, वॉल्थर, हॅमर्लीसारख्या कंपन्यांची .२२ ची (इंचात गोळीचा व्यास) सेमी-ऑटोमॅटिक टार्गेट पिस्तुलं फार बारीक मापात बनतात. ती नाजूक नसतात, पण काटेकोर असतात. बहुतेक वेळा दोष काडतुसात, मॅगझिनमध्ये (काडतुसं भरायच्या डबीत), साचलेल्या मळात किंवा आपल्या पकडीत असतो. तो नेमका कुठे आहे हे त्याच क्षणी दिसत असतं, आणि आपण घाईने स्लाइड (पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा भाग) ओढून तो पुरावा जमिनीवर पाडतो.

अडकल्याबरोबर स्लाइड ओढणं

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून जरा सविस्तर. चाप दाबला, 'टक्' झालं, पण गोळी सुटली नाही. अशा वेळी बोट चापावरून बाहेर, नळी टार्गेटकडे, आणि ३० सेकंद थांबायचं. काडतूस उशिरा पेटू शकतं. मग मॅगझिन काढायचं, स्लाइड सावकाश मागे घ्यायची आणि काडतूस हातात घेऊन त्याची कड निरखायची. .२२ चं स्फोटक मागच्या कडेच्या आत असतं, त्यामुळे फायरिंग पिनची खूण कडेवर उमटते. खूण खोल आणि स्वच्छ असेल तर दोष काडतुसाचा. त्या जागी मसाला पोचलेलाच नसतो. खूण उथळ असेल तर लोक थेट स्प्रिंग बदलायला निघतात. थांबा. चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या पोकळीत) मेण आणि काजळी साचली असेल तर काडतूस पूर्ण आत बसत नाही आणि पिनचा अर्धा जोर ते पुढे ढकलण्यातच जातो. तेच काडतूस दुसऱ्या ठोक्याला उडत असेल तर आधी चेंबर साफ करा. स्प्रिंगचा विचार त्यानंतर.

रिकामी पुंगळी (गोळी सुटल्यावर उरणारं काडतुसाचं कवच) ती बाहेर पडते त्या खिडकीत उभी अडकली असेल तर कमजोर काडतूस, मळलेला एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारा आकडा) किंवा सैल मनगट, या क्रमाने बघा. पुंगळी चेंबरमध्येच राहिली तर बहुधा चेंबर घाण आहे. नवं काडतूस नाक खाली करून अडलं असेल तर मॅगझिनकडे वळा.

एक प्रसंग मात्र वेगळा आणि खरोखर धोक्याचा. आवाज नेहमीपेक्षा फुसका आला, धक्का जाणवलाच नाही, तर गोळी नळीतच राहिलेली असू शकते. तिच्यामागे दुसरी गेली की नळी फुगते, कधी फाटते. सिरीज (सलग मारायच्या गोळ्यांचा संच) कितीही चांगली चालली असो, तिथेच थांबायचं, पिस्तूल रिकामं करायचं आणि नळी मोकळी असल्याची खात्री झाल्याशिवाय पुढची गोळी भरायची नाही.

स्पर्धेत तर पिस्तूल स्वतः उघडणं म्हणजे हक्क गमावणं. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमांप्रमाणे नळी टार्गेटच्या दिशेने, पकड तशीच आणि मोकळा हात वर करून रेंज ऑफिसरला बोलवायचं. त्याने बघण्याआधी तुम्ही पिस्तूल उघडलं, सेफ्टी काढायला विसरला होतात, मॅगझिनमध्ये गोळ्या कमी होत्या किंवा दोन गोळ्यांमध्ये चाप पुरेसा सोडला नाही, तर तो बिघाड ग्राह्य धरला जात नाही आणि न सुटलेल्या गोळ्यांचे गुण गेले. एका गोळीचं मोल सांगायला कोल्हापूरच्या नेमबाज राही सरनोबत पुरेशा आहेत. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण त्यांनी बरोबरीनंतर दोन शूट-ऑफ (निर्णायक जादा फेऱ्या) खेळून मिळवलं. हात वर करण्याची सवय सरावातच लागली पाहिजे. स्पर्धेच्या दिवशी ती आठवत नाही.

हाताला लागेल ते काडतूस

ही पिस्तुलं स्टँडर्ड वेलॉसिटी काडतुसांसाठी जुळवलेली असतात. ४० ग्रेन वजनाची शिशाची गोळी, वेग सेकंदाला साधारण ३२५ मीटर, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या थोडा खाली. हाय वेलॉसिटी गोळ्यांनी स्लाइड जोरात मागे आपटते. जुन्या हॅमर्ली २०८ सारख्या पिस्तुलांना ते अजिबात मानवत नाही. उलट फार मंद काडतूस घेतलं तर स्लाइड पुरती मागे जात नाही. आपल्याकडे परवान्यावरच्या कोट्यामुळे आणि उपलब्धतेमुळे निवड मोजकी असते हे खरं, पण म्हणूनच जे मिळेल त्याच्या वेगवेगळ्या लॉटची (उत्पादनाच्या खेपांची) थोडी थोडी पाकिटं आधी मारून बघावीत. जो लॉट अडत नाही आणि गट (टार्गेटवरच्या छिद्रांचा पुंजका) घट्ट देतो, तोच स्पर्धेसाठी राखावा. एकाच सिरीजमध्ये दोन मेक मिसळू नका. नंतर कारण शोधता येत नाही.

मॅगझिनला जीव न लावणं

पिस्तूल कापसात आणि मॅगझिन बॅगेच्या तळाशी, हे दृश्य नेहमीचं आहे. मॅगझिनचे वरचे दोन ओठ जरा जरी वाकले तरी काडतूस चुकीच्या कोनात वर येतं. मॅगझिनवर नंबर टाका. बिघाड प्रत्येक वेळी दोन नंबरच्याच मॅगझिनमध्ये होत असेल तर पिस्तुलाला हात लावायची गरजच नाही. भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे अडकली नाही ना ते बघा. आणि मॅगझिनमध्ये तेल घालू नका. ते काजळी धरून ठेवतं आणि काडतुसात झिरपू शकतं.

सफाईचा अतिरेक, सफाईचा आळस

नळी रोज घासणारे चेंबर महिनोन् महिने बघत नाहीत, आणि नेमकं उलट हवं. .२२ ची नळी फार मागत नाही. चेंबर, बोल्टचा (काडतुसामागे टेकणाऱ्या ठोकळ्याचा) पुढचा भाग आणि एक्स्ट्रॅक्टरची खाच यांना मात्र प्रत्येक सरावानंतर ब्रश लागतो. स्टीलचा उघडा रॉड नळीच्या तोंडातून घालू नका. तोंडाची कड झिजली की गट फाकतो आणि ते नुकसान पुसता येत नाही. शक्यतो चेंबरच्या बाजूने जा, नाहीतर गाइड लावा. तेल एकमेकांवर घासणाऱ्या पट्ट्यांवर एखाद-दुसरा थेंब, चेंबरमध्ये कोरडं फडकं. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात फोमच्या पेटीत किंवा चामड्याच्या म्यानात पिस्तूल बंद करून ठेवलं की गंज चढतोच. पुसून, हलकं तेल लावून, सिलिका जेलसह ठेवा आणि त्या पुड्या वेळोवेळी बदला.

रिकाम्या चेंबरवर ड्राय फायर

काही मॉडेलमध्ये ड्राय फायरची, म्हणजे काडतुसाशिवाय चाप दाबून सराव करण्याची, सोय असते, बऱ्याच ठिकाणी नसते. सोय नसताना फायरिंग पिन थेट चेंबरच्या कडेवर आदळते, तिथे खाच पडते आणि मग पुंगळ्या अडकू लागतात. मॅन्युअल वाचा, शंका असेल तर प्लॅस्टिकची नकली गोळी वापरा. वापरलेली पुंगळी घालू नये असं माझं ठाम मत आहे, कारण रिकामी आणि भरलेली यांत कधी गल्लत होईल सांगता येत नाही. खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात.

ग्रिप आणि चाप

लाकडी ग्रिप दुकानातून आली तशी वापरणं हा तोटा आहे. दुखेल तिथे कानशीने उतरवायची, पोकळी वाटेल तिथे पुट्टी भरायची, आणि हे थोडं थोडं करायचं. हात वर उचलून डोळे मिटले आणि उघडले की दोन्ही साइट सरळ रेषेत दिसल्या पाहिजेत. दिसत नसतील तर मनगट वळवून जुळवू नका, ग्रिप बदला. गोळ्या डावीकडे खाली जात असतील आणि तुम्ही उजव्या हाताचे असाल तर साइटचा स्क्रू फिरवण्याआधी चाप झटकला जातोय का ते तपासा. चापाचं वजन (तो सुटायला लागणारा जोर) २५ मीटर पिस्तूल प्रकारात किमान १००० ग्रॅम लागतं. ते त्याखाली आणण्याचा मोह तपासणीच्या टेबलावर महागात पडतो. चापाचे स्क्रू फिरवले तर किती वेढे फिरवले ते लिहून ठेवा.

एवढं करूनही अडलं, तर आर्मररकडे जरूर जा. जाताना खुणा असलेली काडतुसं, पुंगळ्या, ते मॅगझिन आणि किती गोळ्यांनंतर काय झालं याची टिपणं सोबत न्या.