१ जानेवारी २०२७ च्या आत: क्वीन्सलँडच्या घरातल्या स्मोक अलार्मची तयारी

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये स्वतःच्या घरात राहत असाल, तर १ जानेवारी २०२७ पासून स्मोक अलार्मचा नवा नियम तुम्हालाही लागू आहे. भाड्याच्या आणि विकल्या जाणाऱ्या घरांना तो २०२२ पासूनच आहे, त्यामुळे त्यानंतर घर घेतलं असेल तर ते नियमात बसायला हवं. हवं म्हणजे बसतंच असं नाही, स्वतः तपासा. ऑगस्ट २०११ मध्ये ब्रिस्बेनजवळच्या लोगनमधल्या स्लॅक्स क्रीकला एका घराला रात्री आग लागून ११ माणसं गेली. २०१६ चा हा कायदा त्यातून आलेला आहे. कागद रंगवायला केलेला नाही.

आधी आहेत ते अलार्म बघा. त्यांच्यावर तयार झाल्याची तारीख छापलेली असते. १० वर्षं उलटली असतील किंवा तारीखच सापडत नसेल, तर बदला. आयोनायझेशन प्रकारचा असेल तरी बदला, कारण तो भडकलेल्या ज्वाळा लवकर ओळखतो, पण गादी किंवा सोफा आतल्या आत धुमसत असेल तर बराच वेळ गप्प राहतो. नवे सगळे फोटोइलेक्ट्रिक (प्रकाशाच्या मदतीने धूर ओळखणारे) हवेत, एएस ३७८६-२०१४ हे मानक लिहिलेले. वायरवाल्या, म्हणजे घराच्या वायरिंगला जोडलेल्या अलार्मला हात लावू नका, ते इलेक्ट्रिशियनचं काम. आणि जिथे आत्ता वायरवाला आहे तिथे नवाही वायरवालाच लागतो. बाकी ठिकाणी न निघणाऱ्या १० वर्षांच्या बॅटरीवाला चालतो.

किती लागतील? प्रत्येक बेडरूममध्ये एक. बेडरूमना बाकीच्या घराशी जोडणाऱ्या पॅसेजमध्ये एक. प्रत्येक मजल्यावर किमान एक, आणि ज्या मजल्यावर बेडरूम नाही तिथे बाहेर पडायच्या वाटेवर. स्टडीत आई-बाबा पुण्याहून आले की झोपत असतील, तर ती बेडरूमच धरा. जुन्या लाकडी क्वीन्सलँडर घराचा खालचा भाग बंदिस्त करून घेतला असेल तर तोही मोजा.

आता मुद्द्याचं. सगळे अलार्म एकमेकांना जोडलेले हवेत. एक वाजला की घरातले सगळे वाजले पाहिजेत. मागच्या वेळी अलार्म बदलले तेव्हा आमच्याकडे नेमकं हेच राहिलं: खोलीखोलीत नवाकोरा अलार्म, बटण दाबलं की वाजायचा, पण एकटाच. दार लावून, पंखा सुरू ठेवून झोपलेल्या मुलाला घराच्या दुसऱ्या टोकाचा आवाज जाग येण्याइतका ऐकू येईलच असं नाही. म्हणून विकत घेतानाच बघा: बॅटरीवाले असतील तर वायरलेसने जोडले जाणारे आणि सगळे एकाच कंपनीचे घ्या, एका कंपनीचा दुसरीच्या अलार्मशी बोलेल असं गृहीत धरू नका. काही वायरवाले, काही बॅटरीवाले असं मिश्रण असेल तर ते दोन्ही एकमेकांशी कशाने जोडणार हे इलेक्ट्रिशियनला आधी विचारा, काम झाल्यावर नव्हे. खोक्यावर ‘वायरलेस’ लिहिलंय म्हणून ते आपोआप जोडले जात नाहीत, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे प्रत्येकाची जोडणी करावी लागते.

छतावर जागा ठरवताना भिंतीच्या कोपऱ्यापासून आणि दिव्यापासून ३०० मिलीमीटर, एसीच्या झरोक्यापासून आणि पंख्याच्या पात्यांपासून ४०० मिलीमीटर लांब. फोडणीचा धूर आणि बाथरूमची वाफ थेट पोचेल अशा ठिकाणी नको. देवघर कुठल्या खोलीत आहे हेही बघा. आरतीला, धुपाला वाजतो म्हणून अलार्मवर प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली मी पाहिली आहे. कृपा करून असं करू नका. गप्प करायचं बटण असतं ते दाबा, खिडकी उघडा.

बसवून झालं की बसवणारा माणूस तिथे असतानाच तपासा. एकाने मास्टर बेडरूममधलं टेस्टचं बटण दाबून धरायचं, दुसऱ्याने सगळ्या खोल्यांतून फिरून प्रत्येक अलार्म वाजतोय का ते ऐकायचं. वायरलेसवाल्यांना काही सेकंद लागतात, बोट लगेच उचलू नका. मग सगळ्यात लांबचा दाबून उलट दिशेने तेच करा. एकही गप्प राहिला तर जोडणी झालेली नाही, पैसे तोवर देऊ नका.

इलेक्ट्रिशियनची वेळ लवकर घ्या. ख्रिसमसच्या आसपास बरेच जण सुट्टीवर असतात आणि २०२६ च्या डिसेंबरला सगळ्यांनाच जाग येणार. नंतर महिन्याला एकदा टेस्ट, वर्षातून एकदा व्हॅक्यूमने धूळ. घर भाड्याने द्यायचं झालं तर भाडेकरू येण्याआधीच्या ३० दिवसांत टेस्ट आणि सफाई मालकाची. बिल आणि प्रत्येक अलार्मच्या तारखेचा फोटो एका फोल्डरमध्ये.