नोकरी चालू ठेवून आडवाटेचा व्यवसाय कसा उभारावा

रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीत मी नऊ वर्षे मालाच्या रवानगीचे काम केले आणि आता नकाशे तयार करून उपजीविका चालवतो. या दोहोंचा संबंध काय, असे लोक विचारतात. तो संबंध शोधणे हेच या वाटेवरचे पहिले काम आहे.

त्यासाठी पंधरा दिवस एक वही ठेवावी आणि दिवसभरात प्रत्यक्ष काय केले ते रोज संध्याकाळी तीत लिहावे. पदाचे नाव लिहू नये. माझ्या पदनामावरून काहीच कळत नव्हते. पण ठाणे-बेलापूर रस्त्यावर टँकर कोठे खोळंबतो आणि कोणत्या गोदामाच्या फाटकातून लांब गाडी वळत नाही हे मला तोंडपाठ आहे, असे वहीतून दिसले. सहकारी ज्या गोष्टी विचारायला आपल्याकडे येतात, त्या नोंदींखाली रेघ मारावी.

मग त्या नोंदींना लागून असलेले एकच कौशल्य निवडावे. मी क्यूजीआयएस हे नकाशांचे मोफत सॉफ्टवेअर निवडले. मात्र असे काम पैसे मोजून करून घेणारी निदान तीन माणसे आधी शोधावीत. ती सापडली नाहीत तर तो छंद समजावा. छंदाला माझा विरोध नाही, पण त्याच्यावर घराचा हप्ता फिटत नाही.

अभ्यासक्रमांची वाण नाही. 2017 साली सुरू झालेल्या ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन शिक्षणमंचावर आणि आयआयटींच्या ‘एनपीटीईएल’ या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या उपक्रमात शिकणे विनामूल्य आहे, प्रमाणपत्र हवे असेल तरच शुल्क भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. एनपीटीईएलचे अभ्यासक्रम 4, 8 किंवा 12 आठवड्यांचे असतात. नोकरदाराने पहिल्या खेपेस 12 आठवड्यांच्या वाटेला जाऊ नये. पदवीच अपुरी राहिली असेल, तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. नेरूळहून गाडीत उभ्याने येताना व्याख्यान फार तर ऐकता येते, म्हणून सरावासाठी पहाटेचा एक तास घरीच राखून ठेवावा.

खरे शिक्षण मात्र स्वतःचे काम हाती घेतल्यावर सुरू होते, आणि ते पहिल्या महिन्यातच घ्यावे. मी टँकरच्या थांब्यांचा नकाशा करायला घेतला, तेव्हा अक्षांश आणि रेखांशाचे रकाने उलटे भरले गेले; रबाळ्याचे गोदाम 19 उत्तर, 73 पूर्व येथे असायचे ते 73 उत्तर, 19 पूर्व येथे, म्हणजे नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात जाऊन बसले. ते निस्तरल्यावर रस्त्याची लांबी मीटरऐवजी अंशांत येऊ लागली. मीटरमध्ये मोजमाप देणाऱ्या यूटीएम या नकाशापद्धतीतला 43 उत्तर हा विभाग आपल्या भागासाठी निवडायचा असतो, हे व्याख्यानात दोनदा ऐकूनही माझ्या डोक्यात शिरले नव्हते. ते त्या रात्री शिरले. पुढे तो नकाशा मी एका टँकरचालकाला अभिमानाने दाखवला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, “साहेब, यात गाडी वळवायची कुठे ते कुठंय?” वळण घ्यायच्या जागा मी दाखवल्याच नव्हत्या. त्या भरल्यानंतरच एका वाहतूक कंत्राटदाराने तो नकाशा विकत घेतला. दर तीन महिन्यांनी असे एक पुरे झालेले काम हाताशी असावे. मला आजवर कोणत्याही ग्राहकाने प्रमाणपत्र विचारलेले नाही. नमुना मात्र प्रत्येकाने मागितला.

पैसे घेण्यापूर्वी नेमणूकपत्र पुन्हा वाचावे. बाहेरच्या कामाला त्यात मनाई असेल तर लेखी परवानगी घ्यावी, आणि कारखान्याची माहिती आपल्या कामात मुळीच वापरू नये. मी रस्ते ‘ओपनस्ट्रीटमॅप’वरून श्रेय देऊन घेतले आणि थांबे सुटीच्या दिवशी स्वतः फिरून नोंदवले. सेवा व्यवसायाची वार्षिक उलाढाल 20 लाख रुपयांपर्यंत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. आयकर विवरणपत्रात मात्र हे उत्पन्न दाखवावेच लागते.

राजीनाम्याची घाई करू नये. जोडउत्पन्नातून घरखर्च सलग सहा महिने निघाल्याशिवाय तो विषयही काढू नये, असे माझे मत आहे. मी स्वतः चौदा महिने थांबलो, आणि त्यातले शेवटचे चार निव्वळ भीतीपोटी.

वही अजून सुटलेली नाही. दर जानेवारीत मी ती पुन्हा पंधरा दिवस लिहितो. गेल्या खेपेस तीत असे दिसले की माझा निम्मा वेळ एकाच तऱ्हेचे नकाशे पुनःपुन्हा मांडण्यात जातो, म्हणून तेच काम संगणकाकडून आपोआप करून घेण्यासाठी सध्या पहाटेचा तास पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकण्याला दिला आहे.