स्वस्तातला वायफाय राउटर घेताय? या चुका टाळा

"नेट स्लो चाललंय, कुठला राउटर घेऊ?" असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, आत्ताचा कुठे ठेवलाय आणि नक्की काय होतंय? बहुतेकांनी ते बघितलेलंच नसतं. सरळ एम. जी. रोडला जायचं, दुकानदार हातात देईल तो डबा आणायचा, जुना माळ्यावर टाकायचा आणि पंधरा दिवसांनी परत तीच रड. नाशिकमध्ये सिडकोपासून गंगापूर रोडपर्यंत गल्लोगल्ली फायबर आलंय, लाइन घरापर्यंत चांगली येते आणि घरात आल्यावर तिची माती होते. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण यातलं बरंचसं एक रुपया न घालवता सुटतं.

टाचणी घालून रिसेट मारणे

ही सगळ्यात वरची चूक. राउटरच्या मागे बारीक भोक असतं, त्यात टाचणी घातली की राउटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो. बंद करून चालू करणं वेगळं आणि हे वेगळं, पण लोक दोन्हीला रिसेटच म्हणतात आणि तिथेच घोळ होतो.

नाशिकरोडचे आमच्या ओळखीतले एक काका, प्रेसमधून रिटायर झालेले. शनिवारी संध्याकाळी त्यांचं नेट गेलं. सुनेचं वर्क फ्रॉम होम, नातवाचा सीईटीचा फॉर्म भरायचा राहिलेला, घरातले सगळे काकांच्या मागे लागलेले. कुठल्यातरी व्हिडिओत बघून त्यांनी टाचणी घेतली आणि चांगली दाबून धरली, सगळे लाइट एकदम लागून विझले, काकांना वाटलं झालं काम. मग मला फोन, "अरे, आपलं वायफायचं नावच दिसत नाही, काहीतरी भलतंच नाव येतंय." तिथेच मला कळलं काय झालंय ते. जाऊन बघतो तर राउटरच्या शेजारचा फायबरचा पांढरा डबा, ज्याला ओएनयू म्हणतात, त्यावर एलओएसचा लाल लाइट लुकलुकतोय. म्हणजे बाहेरून सिग्नलच येत नव्हता, राउटर बिचारा ठणठणीत होता. चौकात रस्ता खोदत होते, तिथे केबल तुटलेली. रात्री लाइन जोडली, शेजारपाजारचं नेट सुरू झालं, काकांचं नाही, कारण राउटरमधला पीपीपीओईचा, म्हणजे नेट कंपनीकडे लॉगइन होण्याचा, युजरनेम-पासवर्ड रिसेटमध्ये पुसला गेला होता आणि तो घरात कुणीच लिहून ठेवला नव्हता. लाइनवाला फोन उचलेना, रविवारी त्याचं ऑफिस बंद, नेट आलं ते सोमवारी दुपारी. फॉर्म शेजाऱ्यांच्या वायफायवर भरला.

म्हणून नेट गेलं की आधी लाइट बघा. एलओएस लाल असेल तर राउटरला हातसुद्धा लावू नका, कम्प्लेंट टाका आणि वाट बघा. सिंहस्थाच्या कामांसाठी जागोजागी खोदकाम चालतं तेव्हा हे होणारच. लाल नसेल तर दोन्ही डबे स्विचवरून बंद करा, एक मिनिट थांबा, आधी ओएनयू चालू करा, त्याचे लाइट स्थिर झाले की मग राउटर. ते एक मिनिट लोकांना थांबवत नाही, लगेच खटखट करतात, त्यात काहीच साधत नाही. आणि नवीन कनेक्शन बसवायला माणूस येतो तेव्हा त्याला चहा द्या, पण युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन नंबर (राउटरच्या सेटिंगमध्ये भरायचा कंपनीचा आकडा) असेल तर तोही घेतल्याशिवाय सोडू नका. मी हे सगळं एका कागदावर लिहून राउटरच्या पोटाला चिकटपट्टीने लावतो आणि फोटो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो.

अँटेना मोजून राउटर घेणे, पोर्ट न बघणे

गंगापूर रोडच्या एका घरी चार अँटेनांचा, खोक्यावर मोठ्ठं 1200 लिहिलेला राउटर होता आणि प्लॅन 200 एमबीपीएसचा. स्पीड कायम 93-94. त्यांनी कस्टमर केअरशी भांडून भांडून शेवटी 300 चा प्लॅन घेतला, तरी 94. हा 94 चा आकडा दिसला की मला पुढचं विचारावं लागत नाही. राउटरची पोर्टं 10/100 ची होती, म्हणजे तारेतूनच 100 च्या वर काही आत येणार नाही, हवेत 1200 असो की 3000. त्या 1200 चा हिशोबही समजून घ्या, वायफायच्या लहरींच्या दोन पट्ट्या म्हणजे बँड असतात, त्यातले 2.4 गिगाहर्ट्झचे 300 आणि 5 गिगाहर्ट्झचे 867 मिळवून, वर राउंड करून छापतात, एका मोबाइलला ते कधीच मिळत नाही.

त्यांनी गिगाबिट (म्हणजे 1000 एमबीपीएसच्या) पोर्टांचा राउटर आणला, आणि स्पीड? परत 94! आता ते माझ्याकडे बघायला लागले. मी ओएनयूपासून राउटरपर्यंतची केबल उपसली, जॅक उजेडात धरला, आत आठपैकी चारच तारा क्रिंप केलेल्या, म्हणजे जॅकमध्ये दाबून बसवलेल्या. चार तारांवर 100 च चालतं, गिगाबिटला आठही लागतात. बसवणाऱ्याने घाईत शॉर्टकट मारला होता आणि त्यापायी या माणसाने महिनोन्‌महिने जास्तीचं बिल भरलं. मला असल्या कामाचा मनापासून राग येतो, चार तारा जास्त क्रिंप करायला असा कितीसा वेळ लागतो? केबल बदलली आणि पूर्ण स्पीड आला.

तुमचा प्लॅन 100 च्या आत असेल तर साधी पोर्टं चालतील, पण राउटर ड्युअल बँडच, म्हणजे 2.4 आणि 5 दोन्ही असलेलाच घ्या. नुसता 2.4 वाला चारशे-पाचशे वाचवायला आता घेऊ नये, अपार्टमेंटमध्ये त्या बँडवर नुसती गर्दी असते. प्लॅन 100 च्या वर असेल तर खोक्याच्या मागे 'गिगाबिट' शब्द शोधा, सापडला नाही तर खोकं परत ठेवा.

जागा

राउटर टीव्ही युनिटच्या आत, चपलांच्या कपाटात, फ्रिजच्या मागे, कारण वायर दिसायला नको. कंदील कपाटात ठेवून उजेड मागायचा हा प्रकार आहे. लोखंडी कपाट, आरसा, फिश टँक, स्लॅब, सगळे सिग्नल खातात. पंचवटीतल्या, जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या जाड भिंतींपलीकडे तर 5 गिगाहर्ट्झ पोचतच नाही म्हटलं तरी चालेल, तिथे लॅनची केबलच ओढावी लागते. घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर ठेवा. फायबरची वायर दाराशीच संपत असेल तर लाइनवाल्याला लांब पॅचकॉर्ड, म्हणजे फायबरची जोडवायर, मागा, फक्त ती कोपऱ्यात कचकन दुमडू नका, आत काच असते.

बाकीच्या

रिपीटर (वायफायचा सिग्नल पुढे ढकलणारा डबा) जिथे नेट मेलंय तिथे लावतात, अरे, त्याला स्वतःला तरी सिग्नल मिळायला हवा ना! अर्ध्या वाटेत लावा, आणि स्वस्त रिपीटरवर स्पीड साधारण निम्मा होतो हे धरून चाला. मी तर जुना राउटरच केबलने जोडतो, त्याचा आयपी (नेटवर्कमधला पत्ता) बदलायचा, डीएचसीपी (इतरांना पत्ते वाटणारी सेटिंग) बंद करायचं आणि केबल लॅन (घरातल्या जोडणीच्या) पोर्टला लावायची, वॅनला (बाहेरून लाइन येते त्या पोर्टला) नाही.

सीसीटीव्ही किंवा स्मार्ट प्लग जोडला जात नाही म्हणून राउटरला शिव्या देऊ नका, बहुतेकांना फक्त 2.4 कळतं. दोन्ही बँडना वेगळी नावं द्या.

2.4 वर चॅनल (त्या बँडमधली छोटी पट्टी, सेटिंगमध्ये निवडता येते) 1, 6 किंवा 11, मधले नकोत.

वायफायचा पासवर्ड म्हणून स्वतःचा मोबाइल नंबर ठेवू नका, सोसायटीत तो सगळ्यांकडे असतो. सेटिंगच्या पानाचा 'अ‍ॅडमिन' पासवर्डही पहिल्याच दिवशी बदला.

100 एमबीपीएसच्या लाइनवर डाउनलोड सेकंदाला 12 एमबीच्या आसपास दिसणार, ते बरोबरच आहे, लाइन बिटमध्ये मोजतात आणि डाउनलोड बाइटमध्ये, म्हणून आठाने भागायचं असतं. आणि भांडायला जायच्या आधी लॅपटॉपला केबल लावून स्पीड तपासा.

पावसाळ्यात लाइट जाते म्हणून मिनी यूपीएस घेताना राउटरच्या खालचं स्टिकर वाचा. कुणी 5 व्होल्टचा असतो, कुणी 9 चा, कुणी 12 चा, पिन मात्र बऱ्याचदा सारखीच बसते, आणि 9 वाल्याला 12 दिले की जळायची भीती. अँपिअरही स्टिकरवर आहे तेवढे किंवा जास्त हवेत, कमी पडले की राउटर आपोआप रिस्टार्ट होत राहतो. आणि बॅकअप ओएनयूलाही द्या, नुसत्या राउटरला दिला तर मोबाइलवर वायफायचे सगळे दांडे दिसतात आणि नेट चालत नाही.