लालबागमध्ये राहून पॅकर्सला पाठिंबा कसा द्यायचा

आधी घड्याळ समजून घ्या. पॅकर्स हा अमेरिकेतल्या ग्रीन बे या शहराचा अमेरिकन फुटबॉलचा संघ. तिथे दुपारी बाराची मॅच म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात, मग साडेअकरा. तिथली रविवार रात्रीची मॅच इथे सोमवारी सकाळी असते. त्या दिवशी डबा आदल्या रात्रीच भरून ठेवा.

नियमांचं फार टेन्शन नको. चार प्रयत्नांत बॉल दहा यार्ड पुढे न्यायचा, एवढं कळलं की बाकीचं बघता बघता येतं.

इतिहास मात्र नीट वाचा. शहर जेमतेम लाखभर वस्तीचं, संघ 1919 सालचा आणि 1923 पासून मालकी लोकांची. आज पाच लाखांहून जास्त भागधारक आहेत. लाभांश शून्य, तरी आपल्या मंडळाच्या वर्गणीची पावती जपावी तसं ते शेअर सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावतात. माझा जीव जडला तो यावर.

आता टोपी. तिथले चाहते चीजच्या तुकड्यासारखी पिवळी, त्रिकोणी टोपी घालतात. मागवत बसू नका. गादीवाल्याकडून चार इंच जाडीचा फोम घ्या, पाचरीच्या आकारात कापा, खालून डोक्याच्या मापाची खोबण काढा. भोकं लहानमोठी हवीत, सारखी पाडली तर चीज वाटत नाही. रंग स्पंजने टिपून लावा; ब्रशने फोम ओढला जातो. वाळायला अख्खा दिवस द्या.

चाळीत रात्री टचडाउनला, म्हणजे बॉल समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात पोचला की, ओरडता येत नाही, म्हणून शेजाऱ्यांनाच बोलवा. ‘गो पॅक गो’ ही पॅकर्सची घोषणा पोरं लगेच उचलतात.