कांदाटी खोऱ्यात रुजू होण्याआधी

शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर नाव लागलं, शाळा निवडायच्या समुपदेशनात अवघड क्षेत्रातली शाळा पदरात पडली, की पहिली धांदल कागदांची. डी.एड., टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), अभियोग्यता चाचणीचं गुणपत्रक, जातवैधता, वैद्यकीय दाखला, छोट्या कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र. मूळ प्रती वेगळ्या, झेरॉक्सचे तीन संच वेगळे, आणि सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातून कांदाटीकडे जायला तापोळ्याहून लाँचमध्ये बसलात की पाऊस वरून नाही, आडवा येतो.

पैशाचं आधीच बघून ठेवा. शिक्षणसेवक म्हणून मानधनावरची तीन वर्षं, प्राथमिकला महिना 16,000 रुपये, आणि शालार्थ आयडी (सरकारी पगारप्रणालीतला क्रमांक) हातात येईपर्यंत तेही अडकून. माझं पहिलं मानधन पाचव्या महिन्यात आलं. तोवर घरमालकीण मावशींनी भाड्याचं नाव काढलं नाही, पण सगळ्यांनाच अशा मावशी भेटत नाहीत.

गमबूट, बॅटरी, जळवांसाठी मीठ, जूनआधी भरलेला किराणा. मे महिन्यात शिवसागरचं पाणी ओसरतं, लाँच गावाच्या अलीकडेच थांबते आणि पुढे चिखल तुडवावा लागतो, तेव्हा जड सामान त्याआधी पोचवा.

खरी तयारी निराळीच, आणि ती कुठल्याच यादीत नसते. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, असा आरटीईचा, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याचा हिशेब. म्हणजे चार वर्गांत तुम्ही दोघं. सोबतचे गुरुजी केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेला गेले, की एकटे. डी.एड.ला आपण एका वर्गावर एक पाठ घ्यायला शिकतो. इथे पहिलीला शिकवताना उरलेल्या तीन वर्गांकडे पाठ असते. म्हणून रुजू होण्याआधी एखाद्या चालत्या द्विशिक्षकी शाळेत तीन दिवस नुसते बसा. पाहुण्यांना दाखवतात ती शाळा नको, साधी निवडा. गुरुजी काय शिकवतात ते बघू नका. त्यांची पाठ असते तेव्हा मुलं काय करतात ते बघा. मी बघितलं तिथे भिंती मुलांच्या छातीएवढ्या काळ्या रंगवलेल्या होत्या. तिसरीवाले त्यावर गणितं सोडवत होते, पहिलीवाले चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग लावत होते, आणि चौथीतली एक मुलगी ते ढीग मोजून बरोबर की चूक सांगत होती. हात दुखेपर्यंत वहीत उतरवलं मी ते.

शाळेचा चार्ज तुमच्याकडे आलाच, तर पोषण आहाराचा तांदूळ डोळ्यांदेखत मोजून घ्या. नोंदवहीत नव्वद किलो आणि पिंपात सत्तर असेल, तर आधी तसं लिहून घ्या, मग सही.