ग्लिटर मेकअप पोर्ट्रेट काढताय? किनाऱ्यावर या चुका टाळा

ग्लिटरचे फोटो बिघडतात ते मेकअप वाईट झाला म्हणून असं फार कमी वेळा होतं. समोरून बघताना गाल नुसते लखलखत असतात आणि फोटोत बघावं तर तिथे राखाडी, खरबरीत डाग. ग्लिटरचा कण म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यावर ॲल्युमिनियमचा थर देऊन कापलेला बारीकसा आरसा, समोर जे असेल तेच तो दाखवणार, आणि आपण मात्र आयशॅडोसारखा एक रंग समजून सगळं प्लॅन करतो. पुढच्या बहुतेक गडबडी इथूनच सुरू होतात, त्यात कोकणातली दमट हवा, वारा आणि पश्चिमेचा समुद्र आपापली भर घालतात ती वेगळीच.

मखराची चमकी चेहऱ्याला लावणं

हे आधी सांगतो कारण बाकीच्या चुकांनी फोटो जाईल, या चुकीने डोळा दुखावेल. गणपतीच्या मखरातून उरलेली चमकी, रांगोळीत टाकायची चमकी, स्टेशनरीच्या दुकानातली पुडी, यातलं काहीही तोंडाला लावायचं नाही. त्याच्या कडा धारदार असतात आणि रंग त्वचेसाठी तपासलेले नसतात, कण डोळ्यात गेला आणि सवयीने चोळला की बुबुळावर ओरखडा. कॉस्मेटिक ग्रेडच घ्या, आणि पापणीवर फक्त तेच लावा ज्याच्या लेबलवर डोळ्यांसाठी चालेल असं लिहिलंय. मोठे षटकोनी तुकडे कपाळ, गालाचं हाड, मान, खांदे इथपर्यंतच ठेवा, लहान मुलांच्या डोळ्यांजवळ तर काहीच नको. तरी गेलाच कण डोळ्यात तर कॉन्टॅक्ट लेन्स असल्यास काढायची, न चोळता स्वच्छ पाण्याने धुवायचं आणि खुपणं थांबलं नाही तर सरळ डॉक्टर, शूट गेलं खड्ड्यात.

चिकटवायला फेविकॉल, नेलपॉलिश असले प्रयोग नकोत. ग्लिटर प्रायमर किंवा आयलॅश ग्लू वापरा, पण ग्लूमध्ये लॅटेक्स असलं तर काहींना ॲलर्जी येते म्हणून आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून २४ तास बघा. आणि पावसाळ्यात डोळे येण्याची साथ असते तेव्हा एकीचा ब्रश दुसरीला लावायचाच नाही, इअरबड वापरा आणि टाकून द्या.

क्रम चुकणं आणि पंखा चालू ठेवणं

फाउंडेशन, काजळ, लिपस्टिक सगळं नीट झालं आणि शेवटी ग्लिटर, मग खाली पडलेले कण झाडायला जावं तर फाउंडेशनच निघून येतं. उलट करा, डोळ्यांचं काम आधी, पडलेले कण टेपने टिपून घ्या (टेप आधी हाताच्या पाठीवर दोनदा चिकटवून तिचा जोर कमी करायचा), मग फाउंडेशन. ग्लिटर घासायचं नाही, किंचित ओल्या सपाट ब्रशने दाबत दाबत बसवायचं. एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबरच्या उन्हात व्हॅसलीनचा बेस लावलात तर अर्ध्या तासात गालावरचं सगळं हनुवटीवर येणार, तेव्हा तेलकट बेस टाळा, नाकाच्या बाजूला, वरच्या ओठावर, जिथे घाम आधी येतो तिथे ग्लिटरच नको, आणि घाम आला तर पुसू नका, टिश्यूने टिपा.

जागेचं म्हणाल तर मेकअप किनाऱ्यावर अजिबात करू नका. घराची पडवी सगळ्यात बेस्ट, एका बाजूने उजेड, डोक्यावर छप्पर, आणि पंखा बंद. पंखा बंद म्हटलं की सगळे कुरकुरतात, पण चालू पंख्याखाली उघडलेली ग्लिटरची डबी मी तरी कुणाच्या घरात उघडू देणार नाही, नंतर महिनाभर भातात सुद्धा चमकी निघते. घरातली आजी येऊन "ह्यां काय गो तोंडाक फासलंस?" विचारेल तेव्हा तिलाही लांब बसवा.

समुद्रही मागे हवा, चमकही हवी

सगळ्यात जास्त फोटो इथे जातात. आपल्याकडे सूर्य समुद्रात मावळतो म्हणून प्रत्येकाला मागे समुद्र, मागे लाल गोळा आणि पुढे चमचमणारा चेहरा असं सगळं एकत्र पाहिजे असतं. सूर्य मॉडेलच्या पाठीमागे गेला की केसांच्या कडा सोनेरी होतात खऱ्या, पण चेहऱ्यावर उरतो तो आकाशाचा मऊ उजेड, त्या बारीक आरशांना परत फेकायला कडक किरणच मिळत नाही आणि ग्लिटर मरून जातं.

मग एक तर मॉडेलला सूर्याकडे वळवा, तुम्ही पाण्याकडे पाठ करून उभे राहा आणि मागे सुरूचं बन किंवा माड घ्या, गुहागरला, आरे-वारेला हे सहज मिळतं. खाली आलेलं ऊन चंदेरी ग्लिटरला आपोआप सोनेरी करतं, मला तर मागे समुद्र असलेल्या फ्रेमपेक्षा हीच जास्त आवडते. समुद्राचा हट्टच असेल तर पुढून छोटा, कडक लाइट द्या, म्हणजे साधा स्पीडलाइट (कॅमेऱ्याचा सुटा फ्लॅश), डिफ्यूझर (उजेड मऊ करणारं झाकण) न लावता, कॅमेऱ्यावर न ठेवता बाजूला साधारण ४५ अंशांवर आणि डोळ्यांच्या थोडा वर. कॅमेऱ्यावरच फ्लॅश ठेवलात तर कपाळ आणि नाक पांढरं फटक पडतं. चंदेरी रिफ्लेक्टरही चालतो पण दुपारनंतरच्या खाऱ्या वाऱ्यात तो उडतो, धरायला एक दणकट माणूस लागतो.

सकाळी गणित उलटं असतं. ऊन जमिनीकडून येतं म्हणजे समुद्र मागे ठेवूनही चेहऱ्यावर ऊन मिळतं, शिवाय मतलई वारा मंद असतो त्यामुळे केस तोंडावर येत नाहीत. फक्त पूर्वेला डोंगर आणि माड असतात, वाळूवर ऊन उशिरा उतरतं, ॲपवर सूर्योदयाची वेळ बघून पोचलात तर मेकअप करून नुसतं बसून राहाल.

संध्याकाळच्या शूटला वेळ उलटी मोजा. रत्नागिरीच्या बाजूला नोव्हेंबरच्या शेवटी सूर्य सहाच्या आसपास जातो, जूनमध्ये सव्वासातला, मेकअपला दोन तास, गाडी, चालणं हे सगळं मागे मोजत जा आणि मावळतीच्या तासभर आधी जागेवर पाहिजे. सूर्य टेकला की बाकीच्या फोटोंना अजून छान उजेड असतो, ग्लिटरचं शूट मात्र त्याच मिनिटाला संपतं. भरतीची वेळही बघून घ्या, ती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, काल मोकळी दिसलेली वाळू उद्या त्याच वेळेला तशीच असेल असं नाही.

मऊ लाइट म्हणजे चांगला लाइट, हा समज

पोर्ट्रेटला सॉफ्टबॉक्स (पांढऱ्या कापडाआडचा मोठा मऊ लाइट), खिडकी, ढगाळ आकाश चांगलं असं सगळे शिकवतात आणि त्वचेसाठी ते खरंही आहे. पण पावसाळ्यात पूर्ण आकाश पांढरं असतं, प्रत्येक कणाला तेच पांढरं दिसतं, मग चमकायचं कुणाच्या विरुद्ध? जत्रेत दशावतार बघितला असेल तर आठवा, एकाच हॅलोजनसमोर राजाचा मुकुट कसा लखलखतो आणि तोच मुकुट रंगपटात ट्यूबलाइटखाली किती साधा दिसतो. तेच इथे. मोठा मऊ लाइट त्वचेसाठी ठेवा आणि बाजूने एक छोटा टोकदार लाइट फक्त ग्लिटरसाठी द्या, मोबाईलचा टॉर्च सुद्धा पुरतो, जवळ धरला तर. होलोग्राफिक ग्लिटरचे इंद्रधनुष्यी रंग तर अशा छोट्या लाइटमध्येच खुलतात.

आणि मॉडेलला पुतळ्यासारखं बसवू नका. मान दोन-तीन अंश फिरली की दुसरेच कण पेटतात, म्हणून तिला हळूहळू मान फिरवायला सांगा आणि बर्स्ट (एकामागून एक सलग फोटो) लावून काढत राहा, नंतर निवडा.

आजूबाजूला काय आहे ते न बघणं

जांभ्याच्या भिंतीला टेकवून उभं केलं की चंदेरी ग्लिटर तांबूस दिसणार, त्वचाही, मग एडिटमध्ये व्हाइट बॅलन्सशी (रंगांचा तोल सुधारण्याशी) मारामारी. तारकर्लीच्या पांढरट वाळूवर खालून उजेड येतो, हनुवटीखालची सावली भरून निघते; रत्नागिरीत मांडवीच्या काळ्या वाळूवर तसं काही मिळत नाही, पण ग्लिटरला काळं दिसतं आणि मधले चमकणारे कण जास्त उठून येतात. फोटोग्राफरने भडक लाल टी-शर्ट घातला तर जवळच्या शॉटमध्ये तोही ग्लिटरमध्ये दिसतो, काळा किंवा करडा घाला.

कॅमेरा आणि फोन

एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) मोकळं सोडलं तर कण जळून नुसते पांढरे ठिपके होतात, रंग गेला तो परत येत नाही. पाऊण ते एक स्टॉप कमी ठेवा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा), शक्य असेल तर रॉ मध्ये (कॅमेऱ्याच्या मूळ, न दाबलेल्या फाइलमध्ये) काढा. डोळ्याच्या क्लोजअपला एफ १.८ वर, म्हणजे लेन्सचं तोंड मोठं उघडं असताना, एक पापणी शार्प आणि बाकी सगळ्या कणांचे गोल धूसर फुगे, ते मुद्दाम हवे असतील तर ठीक, नाहीतर एफ ८ च्या आसपास जा.

फोनवाल्यांनी आधी ब्यूटी मोड बंद करा, तो ग्लिटरला पुरळ समजून पुसून टाकतो. मेन लेन्स तोंडाजवळ नेली की नाक मोठं दिसतं, त्यापेक्षा दोन पावलं मागे जाऊन २ एक्स झूम.

एसी खोलीतून थेट बाहेर काढला तर कॅमेरा धुकटतो. बॅग न उघडता अर्धा तास बाहेर ठेवा. काचेवर खारा तुषार बसला असेल तर तो कोरडाच घासू नका, आधी ब्लोअरने वाळू उडवा.

वाळूवर ग्लिटर उधळणं

तळहातावरून फुंकर मारतानाचा शॉट छान दिसतो हे मान्य, पण किनाऱ्यावर नाहीच करायचा. पडलेलं प्लास्टिक वाळूतून कोणी वेचत नाही, आणि वेळास, आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. मायक्रोप्लास्टिकवरच्या नियमांत युरोपियन युनियनने ऑक्टोबर २०२३ पासून सुट्या प्लास्टिक ग्लिटरच्या विक्रीवर निर्बंध आणलेत ते उगाच नाही. तो शॉट घरात, खाली चादर अंथरून, कण डोळ्यांपासून लांब उडतील असा घ्या. सेल्युलोजचं ग्लिटर मिळतं ते प्लास्टिकपेक्षा बरं, पण ते ओलीने मऊ पडतं, जेलमध्ये आदल्या रात्री कालवून ठेवू नका, आणि तेही वाळूत टाकायला परवानगी आहे असं समजू नका.

काढताना आणि पाठवताना

फेसवॉश लावून घासलं की कण त्वचेवर रेघा मारतात. खोबरेल तेल लावा, दोन मिनिटं थांबा, कापसाने एका दिशेने पुसा, कापूस कचऱ्यात, आणि मगच तोंड धुवा, नाहीतर सगळं मोरीतून खाडीला. डोळ्यांच्या अगदी कडेला तेल कमी आणि पापणी मिटून.

एडिटला नॉइज रिडक्शन (फोटोतले बारीक दाणे पुसणं) पूर्ण चेहऱ्यावर मारू नका, कण आणि नॉइज यात सॉफ्टवेअरला फरक कळत नाही, फक्त बॅकग्राउंडवर द्या. भलतीकडे पडलेले दोन-चार कण हीलिंगने (डाग पुसायच्या टूलने) काढा, सगळे काढायच्या मागे लागू नका, थोडे राहिले तर खरं वाटतं. इन्स्टाग्रामसाठी १०८० बाय १३५० मध्ये स्वतः एक्स्पोर्ट करा कारण बारीक चमक कॉम्प्रेशनमध्ये आधी जाते, आणि मॉडेलला व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवलात तर तिला चिखलच दिसणार आणि ती तोच स्टेटसला ठेवणार.